शंका आणि हिशेब : हवामानबदलाविषयी वाचकांची पत्रे

गेल्या अंकात अवकाळी पाऊस आणि द्राक्षबागा यांविषयी लिहिताना मी तापमानवाढीचा उल्लेख केला होता. त्या एका परिच्छेदावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्यांनाच द्यायचे ठरले. बहुतेक पत्रलेखकांना माझे म्हणणे मान्य नाही आणि ते त्यांनी स्वच्छ शब्दांत कळविले आहे, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पत्रे एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. पृथ्वी तापते आहे का आणि कशामुळे, हा एक प्रश्न आहे. त्यावर काय करावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोजमापांतून मिळते, तर दुसऱ्यासाठी मोजमापांच्या जोडीला न्याय-अन्यायाचाही विचार करावा लागतो. पुष्कळ पत्रांत दुसऱ्या प्रश्नावरचा रास्त राग पहिल्या प्रश्नावर काढलेला दिसतो. ही गाठ सोडविता आली तर पाहू. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : हवामान कधी स्थिर होते? दुर्गादेवीचा दुष्काळ बारा वर्षे चालला असे मी मुलांना शिकवत आलो. १८७६ च्या दुष्काळाच्या हकिकती घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आणि १९७२ चा दुष्काळ स्वतः पाहिला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगेत सुकडी वाटण्याचे काम केले. त्या काळी मोटारी किती होत्या आणि कारखाने किती? शिवाय सत्तरच्या दशकात शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते. मग आजच्या बदलाचा दोष माणसावरच का?
— सेवानिवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : गुरुजी, हवामान पूर्वीही बदलत होते, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे. परंतु कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहणाऱ्या माणसाला मी एक विचारतो. नदीला पूर पावसाने येतो तसा धरणाचे दरवाजे उघडल्यानेही येतो. पूर्वीचे सगळे पूर पावसाने आले होते, एवढ्यावरून यंदाचाही पावसानेच आला असे आपण म्हणत नाही. पर्जन्यमापकाची आणि विसर्गाची नोंद मागवतो. येथेही तेच करायचे आहे.

प्रथम दुष्काळांविषयी. १८७६-७८ आणि १९७२ या दोन्ही दुष्काळांच्या काळात प्रशांत महासागरात तीव्र एल निनो होता. अशा वर्षी समुद्रातील उष्णता इकडची तिकडे होते, वाऱ्यांची घडी विस्कटते आणि आपल्याकडे पाऊस हुलकावणी देतो. घरातला पैसा एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जावा, तसा हा प्रकार आहे. एकूण रक्कम तेवढीच राहते. गेल्या अर्धशतकात मात्र ही एकूण रक्कमच वाढते आहे. समुद्र, जमीन, बर्फ आणि हवा यांत साठलेली उष्णता वर्षागणिक वाढत आहे आणि तिचा ९० टक्क्यांहून अधिक वाटा समुद्राने गिळला आहे. एवढी उष्णता नुसत्या अदलाबदलीतून येऊ शकत नाही. ती बाहेरून अधिक येत असली पाहिजे किंवा बाहेर जाणारी अडत असली पाहिजे.

बाहेरून येणारी म्हणजे सूर्याची. १९७८ पासून उपग्रह ती सतत मोजत आहेत. तिच्यात अकरा वर्षांच्या चक्राची चढउतार दिसते. तापमानवाढीला पुरेल अशी वाढ दिसत नाही. आणि सूर्यच कारण असता तर हवेचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचे तपांबर तापत आहे आणि त्याच्या वरचे स्थितांबर थंड होत आहे. उष्णता खालीच अडविली जात असेल तर असेच घडते. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ साली, म्हणजे हे पाहणारे उपग्रह आकाशात जाण्याच्या कितीतरी आधी, गणिताने हेच भाकीत केले होते. मानाबे यांना २०२१ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. माझ्या मनातील शंका ज्या पुराव्यांनी मिटली त्यांत हा पहिला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगितला.

आता अडविणारा कोण, ते पाहू. कार्बन डायऑक्साइड उन्हात साध्या हवेपेक्षा अधिक तापतो, हे १८५६ मध्ये युनिस फूट यांच्या प्रयोगांनी आणि तो उष्णतेचे किरण शोषतो, हे १८५९ मध्ये जॉन टिंडल यांच्या प्रयोगांनी दाखविले. १८९६ साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचा हिशेब हाताने मांडला. त्या काळी ना हवामान परिषदा होत्या, ना सौरपॅनेल विकणाऱ्या कंपन्या. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले जुन्या हवेचे बुडबुडे सांगतात की औद्योगिक युगापूर्वी हा आकडा २८० च्या आसपास होता आणि त्याआधीच्या आठ लाख वर्षांत तो कधी ३०० च्या फारसा वर गेला नव्हता.

हा जादा कार्बन ज्वालामुखीचा नाही कशावरून, असे आपण विचाराल. पृथ्वीवरचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. शिवाय कार्बनच्याही जाती असतात : हलका कार्बन-१२, त्याहून जड कार्बन-१३ आणि काळाच्या ओघात आपोआप नष्ट होत जाणारा कार्बन-१४. वनस्पती हलका कार्बन अधिक पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते; आणि कोट्यवधी वर्षे जमिनीत राहिल्याने कार्बन-१४ तर त्यांत उरलेलाच नसतो. हवेतील कार्बनमध्ये या दोन्हींचे प्रमाण घटत गेल्याचे आढळले, आणि त्याच वेळी ज्वलनात खर्च होणारा ऑक्सिजनही घटत असल्याचे दिसले. चोराच्या पावलांचे ठसे इतके स्पष्ट क्वचितच मिळतात.

हिमयुगाच्या भाकिताविषयी एवढेच सांगतो की सत्तरच्या दशकात वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले, तरी त्या काळच्या शोधनिबंधांतही तापमानवाढीकडे झुकणाऱ्यांची संख्या मोठी होती. धूर आणि गंधकाचे कण ऊन अडवून हवा थंड करतात, हा त्या चर्चेतील भाग मात्र खरा होता. भारत जगाच्या सरासरीपेक्षा कमी तापला, १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंश, यामागे आपल्या आकाशातील धूरधूळ हे एक कारण मानले जाते.

प्रश्न : हवामान खात्याचा चार दिवसांचा अंदाज चुकतो आणि आमची औषधे वाया जातात. तीच मंडळी २१०० सालचे तापमान सांगतात, यावर शेतकऱ्याने का विश्वास ठेवावा?
— द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील वैताग मला कळतो. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याच भागातील एका बागेत मी रात्रभर थांबलो होतो. ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि दहाच्या सुमारास पाऊस सुरू झाला. पहाटे तो थांबल्यावर ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून, औषध न घालता नुसते वारे मारून घडांत साचलेले पाणी झटकण्याचे काम चालले होते. बागेचा मालक बॅटरीच्या उजेडात एकेक घड तळहातावर घेऊन पाहत होता. दावण्या हा बुरशीरोग येणार हे त्याला ठाऊक होते, फक्त किती ओळींत येणार एवढे पाहायचे होते. त्या रात्री अंदाज ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असा होता. तेव्हा खात्यावरचा आपला राग मी अनाठायी मानत नाही.

परंतु चार दिवसांचा अंदाज आणि शंभर वर्षांचा अंदाज ही दोन वेगवेगळी गणिते आहेत. कोयना धरण यंदा कोणत्या तारखेला भरेल, हे एक जूनला कोणी सांगू शकत नाही. पण जूनच्या आरंभी असेल त्यापेक्षा सप्टेंबरअखेर पाणीसाठा अधिक असेल, हे शाळकरी मुलगाही सांगतो. पहिल्या प्रश्नात प्रत्येक ढगाचा माग काढावा लागतो, तर दुसऱ्यात आवक आणि जावक यांचा ताळेबंद पुरतो. तापमानवाढीचे भाकीत हे ताळेबंदाचे गणित आहे.

या ताळेबंदालाही मर्यादा आहेत. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीने (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात बहुधा २.५ ते ४ अंश असे दिले आहे. एवढी मोठी फट अजून बुजलेली नाही, याचे मुख्य कारण ढगांचे वर्तन. मोसमी पावसाच्या बाबतीत तर गणिती प्रारूपांचे आपसांतही नीट जमत नाही. २०५० साली तासगाव तालुक्यात ऑक्टोबरात किती पाऊस पडेल हे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याच्यावर खुशाल अविश्वास दाखवा. त्याच न्यायाने एका डिसेंबरातील एका रात्रीचा पाऊस तापमानवाढीच्या खात्यावर टाकणाऱ्यावरही दाखवा. गेल्या अंकात मी जवळजवळ तसेच लिहून बसलो होतो आणि ते मला आता सैल वाटते. ठामपणे म्हणता येते ते इतकेच की हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो जोराने पडण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : ९७ टक्के शास्त्रज्ञ सहमत आहेत म्हणून मान्य करा, असे आम्हाला सांगितले जाते. विज्ञान बहुमताने ठरते का? हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीनेच हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असे लिहिले होते ना?
— विज्ञान शाखेचा विद्यार्थी, सातारा

उत्तर : विज्ञान बहुमताने ठरत नाही, आणि म्हणूनच वर मी टक्केवारी न सांगता मोजमापे सांगितली. २०३५ ची चूक खरी आहे. २००७ च्या अहवालात ते वाक्य शिरले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील निवृत्त हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयासाठी लिहिलेल्या टिपणात हिमनद्यांविषयी वेगळे चित्र मांडले. समितीच्या तत्कालीन अध्यक्षांनी ते तुच्छतेने फेटाळले आणि जानेवारी २०१० मध्ये समितीला चूक मान्य करावी लागली. शंका कशी घ्यावी याचा हा आपल्याच देशातील उत्तम नमुना आहे, कारण रैना यांच्यामागे हिमनद्यांवर स्वतः केलेल्या कामाची नोंद होती. मात्र ती तारीख चुकली म्हणून हिमनद्या मागे हटत नाहीत असे होत नाही. त्यांतील बहुतेक हटत आहेत.

दुसरा नमुना रिचर्ड म्युलर यांचा. अमेरिकेतील बर्कलीच्या या भौतिकशास्त्रज्ञाला वाटे की शहरे वाढल्यामुळे हवामान केंद्रांचे तापमापक उगीच जास्त आकडे दाखवत असावेत. त्यांनी सगळ्या नोंदी नव्याने गोळा करून तपासल्या, शहरी केंद्रे वगळूनही पाहिले, आणि २०१२ साली जाहीर केले की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ संपूर्णपणे माणसामुळे आहे. त्यांच्या कामाला पैसा देणाऱ्यांत तेल व्यवसायातून उभ्या राहिलेल्या एका कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचाही समावेश होता. कोणता पुरावा मिळाला तर मी माझे मत बदलेन, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. आपणही ते आपल्या वहीत लिहून ठेवावे, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : आमच्या पठारावर पवनचक्क्या आल्यापासून पाऊस कमी झाला. पाती ढगांना पिटाळून लावतात असे गावात सगळे म्हणतात. पर्यावरणाच्या नावाने आमचा पाऊस गेला, त्याचे काय?
— शेतकरी, पाटण तालुका

उत्तर : चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात आणि पाती धुक्यात फिरताना दिसतात. डोळ्यांसमोर पाते ढग कापत असेल तर असा समज होणे स्वाभाविक आहे. पण मनोऱ्यांची उंची पाहा आणि मोसमी वाऱ्यांची जाडी पाहा. अरबी समुद्रावरून येणारा तो प्रवाह दोन-तीन किलोमीटर उंच आणि शेकडो किलोमीटर रुंद असतो. त्याच्या तळाशी शंभर-सव्वाशे मीटरच्या पट्ट्यातील थोडी शक्ती पाती काढून घेतात. पवनचक्क्यांमुळे रात्री जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन तापमानात किंचित फरक पडतो, असे अमेरिकेतील निरीक्षणांत दिसले आहे. पाऊस पिटाळण्याइतके बळ त्यांत नाही. पठाराच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे आहेत ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे, आणि म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांना दुष्काळी कामांतून बांधावा लागला तेव्हा एकही पवनचक्की नव्हती.

आपल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर जे आहे, ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जमीन कवडीमोलाने गेली, मध्यस्थाने सात-बारा उतारा हाती येण्याआधीच सह्या घेतल्या, गावाला कबूल केलेला रस्ता अर्धवट राहिला आणि वीज मात्र डोक्यावरून दूर निघून गेली, असे आपण लिहिले आहे. ही तक्रार ढगांच्या तक्रारीपेक्षा कितीतरी भक्कम आहे. ती ढगांच्या आड झाकली गेली की अधिकारी हसून फाईल बंद करतो. करारपत्र आणि खरेदीखताच्या प्रती काढून ती स्वतंत्रपणे मांडावी.

प्रश्न : २०१९ चा महापूर कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे आला, धरणांच्या चुकीच्या व्यवस्थापनामुळे आला की हवामानबदलामुळे? प्रत्येक जण आपापले सांगतो.
— हळद व्यापारी, सांगली

उत्तर : ‘हवामानबदल’ हा शब्द हल्ली जबाबदारी झटकण्यासाठी वापरला जातो, या आपल्या संशयात तथ्य आहे. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर, आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांपलीकडे. २००५ नंतर हरिपूरच्या पेवांत मी स्वतः उतरलो होतो. वर मातीने लिंपलेले तोंड, आत माणसाच्या दुप्पट उंचीची पोकळी, एरवी वर्षानुवर्षे हळद सुकी ठेवणारी. आणि त्या दिवशी तळाशी काळपट लगदा आणि असा उग्र दर्प की पाच मिनिटे थांबवले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर पाणी येणार नाही असा भरवसा होता, त्या जागेने दगा दिला होता.

अशा पुरात कारणे एकावर एक चढतात. पश्चिम घाटात थोड्या दिवसांत अतोनात पाऊस होतो; २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळून माणसे गेली. तापलेला अरबी समुद्र अशा पावसाला अधिक बाष्प पुरवितो. कारणांच्या या उतरंडीत हवामानबदलाचा वाटा तो. त्याच्यावर धरणे किती आधी आणि किती रिकामी ठेवली हा प्रश्न येतो, त्याच्यावर पूररेषेच्या आत उभ्या राहिलेल्या वसाहती आणि बुजवलेले ओढे, आणि अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकाच्या आग्रहामुळे सांगलीत असलेली धास्तीही. यांतील पहिल्या कारणावर आपल्या जिल्ह्याचा ताबा नाही. बाकीच्यांवर दोन राज्यांतील सरकारांचा आणि महापालिकेचा आहे. पाऊस अधिक जोराचा होणार हे मान्य केले तर ओढा बुजविण्याची परवानगी देणाऱ्याचा दोष वाढतो. हे आपण प्रत्येक सभेत सांगावे.

प्रश्न : शंभर वर्षे धूर युरोप-अमेरिकेने सोडला आणि आता युरोप आपल्या सीमेवर आयात मालाला कार्बनकर लावून आमच्याकडून वसुली करतो. माझ्या ओतकाम कारखान्यात दीडशे माणसे आहेत. शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीसाठी आजचे रोजगार का बुडवावेत? काही अर्थशास्त्रज्ञही हेच म्हणतात.
— लघुउद्योजक, कुपवाड औद्योगिक वसाहत

उत्तर : या महिन्यातील सर्वांत कठीण पत्र हे आहे, आणि त्यातील अर्धे म्हणणे मला मान्य आहे. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. जगाच्या लोकसंख्येत सहाव्या हिश्श्याहून मोठा असलेल्या भारताचा वाटा चार टक्क्यांच्या आसपासही जेमतेम जातो. आजही सरासरी अमेरिकन माणूस वर्षाला १४ टनांच्या घरात आणि सरासरी भारतीय २ टनांच्या घरात उत्सर्जन करतो. १९९२ च्या रिओ करारात जबाबदारी सामायिक पण असमान आहे असे सर्वांनी लिहून दिले. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचा शब्द दिला आणि तो वेळेवर पाळला नाही. ही थकबाकी आहे, आणि थकबाकीदाराकडे ती मागण्यात संकोच कसला?

आता शंभर वर्षांनंतरच्या नुकसानीविषयी. अर्थशास्त्रज्ञांमधील खरा वाद येथे आहे, आणि तो समजण्यासाठी पतसंस्थेतील मुदत ठेवीचे गणित पुरे होते. शंभर वर्षांनी १ कोटी रुपयांचे नुकसान होणार आहे असे धरा. ते भरून काढण्यासाठी आज किती रक्कम बाजूला ठेवावी? व्याज वर्षाला १.४ टक्के धरले तर सुमारे २५ लाख रुपये. ५ टक्के धरले तर अवघे ७६ हजार. विज्ञान तेच, नुकसान तेच, पण दर बदलताच उत्तर तीसपटींहून अधिक बदलते. ब्रिटिश सरकारसाठी निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये केलेल्या अहवालात पहिल्यासारखा लहान दर घेतला होता, आणि त्यांचे उत्तर आले की दरसाल जागतिक उत्पन्नाच्या सुमारे १ टक्का खर्च करा, नाही तर ५ ते २० टक्के गमावाल. विल्यम नॉर्डहाउस यांना २०१८ मध्ये नोबेल मिळाले. त्यांनी बाजारातील व्याजाशी जुळणारा मोठा दर धरला आणि हळूहळू पावले टाका असे सांगितले. पण आपण ज्या अर्थशास्त्रज्ञांचा दाखला देता त्या गटातील नॉर्डहाउससुद्धा विज्ञान नाकारत नाहीत. कार्बनवर कर असावा हे त्यांनी अनेक दशके मांडले आहे. वाद किती आणि किती लवकर, एवढाच आहे.

मोठ्या दराच्या बाजूने एक युक्तिवाद मला गंभीर वाटतो. आपली पणतवंडे आपल्यापेक्षा श्रीमंत असतील, मग जतच्या आजच्या शेतमजुराने त्यांच्यासाठी पोटाला चिमटा का घ्यावा? त्याने घेऊ नये, असेच माझे मत आहे. परंतु यातून निष्पन्न होते ते हे की खर्चाचा भार त्याच्यावर टाकू नका. खर्चच करू नका असे निष्पन्न होत नाही. शिवाय शंभर वर्षे हा आकडा आता फसवा झाला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याच्या आगगाड्या धावल्या तेव्हा त्या आपण पाहिल्या असतील. तो दुष्काळ केवळ तापमानवाढीचा होता असे मी म्हणणार नाही. मात्र बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे स्वस्त पडते असे जे म्हणतात, त्यांनी जुळवून घेणे म्हणजे काय असते ते त्या गाडीच्या वाघिणींवर पाहावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा मुद्दाही येथे लागू पडतो : सरासरी नुकसान किती हे पाहून कोणी विमा काढत नाही, क्वचित घडणारी पण सर्वस्व नेणारी घटना टाळण्यासाठी काढतो. आपल्या कारखान्याचा आगीचा विमा आपण याच हिशेबाने भरता.

खर्चाचा आकडाही तेव्हाचा राहिलेला नाही. २०१०-११ च्या लिलावांत सौरविजेचा दर युनिटला १० रुपयांच्या वर होता; डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो १ रुपया ९९ पैशांवर आला. दिवसा लागणाऱ्या विजेपुरता तरी पर्यावरण की रोजगार हा पेच बराच सैल झाला आहे. भट्टी रात्रपाळीत चालविणाऱ्याला याचा उपयोग मर्यादित आहे आणि साठवणुकीचा खर्च वेगळा पडतो, हे मला मान्य आहे.

युरोपच्या सीमाकराची यादी पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशी ठरावीक आहे. आपल्या मालाचा सीमाशुल्क वर्गांक तीत येतो का, हे आधी सल्लागाराकडून तपासून घ्यावे. या नियमात एक तरतूद अशी आहे की निर्यातदाराने मायदेशी कार्बनची किंमत मोजली असेल तर तेवढी वजावट मिळते. म्हणजे तो पैसा ब्रसेल्सला जाण्याऐवजी येथे वसूल होऊन येथेच खर्च होऊ शकतो, आणि २०२३ साली अधिसूचित झालेल्या भारतीय कार्बन-श्रेय (कार्बन क्रेडिट) व्यापार योजनेचा आपल्या दृष्टीने खरा अर्थ हाच आहे. येथे मात्र आपल्या शंकेला मोठी जागा आहे. २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून गोळा झालेल्या त्या रकमेचा मोठा भाग त्या कामासाठी वापरला गेला नाही आणि २०१७ मध्ये तो उपकर जीएसटीच्या भरपाईत विरून गेला. नव्या योजनेतून ओतकाम उद्योगाला विद्युत भट्ट्यांसाठी स्वस्त कर्ज मिळेल का, हा प्रश्न आपल्या संघटनेने लेखी विचारावा. उत्सर्जनाचे विज्ञान खरे की खोटे या वादात वेळ घालविला तर तो प्रश्न विचारायचाच राहून जाईल.

प्रश्न : दहा टक्के भरून आम्ही सौर पंप घेतला. दिवसा वीज मिळते, रात्री पाणी धरायला जावे लागत नाही, बिबट्याची आणि विंचवाची भीती गेली. पण आता सगळेच दिवसभर उपसा करतात. विहीर पूर्वी मार्चपर्यंत पुरायची, आता संक्रांतीलाच तळ दिसतो. हे पर्यावरणाचे काम म्हणायचे का?
— शेतकरी महिला, माण तालुका

उत्तर : ताई, योजना आखणाऱ्यांनी ऐकावी अशी शंका आपली आहे. डिझेलचा पंप महाग होता म्हणून माणूस हात राखून उपसत असे. सौर पंपाचा पहिला खर्च एकदा झाला की पुढचे पाणी फुकट, आणि फुकट गोष्टीला आवर राहत नाही. कार्बन कमी करताना भूजल संपविले तर माणसारख्या तालुक्याचा दुहेरी तोटा आहे, आणि कार्बनची बचत मोजणाऱ्या तक्त्यात विहिरीच्या पातळीचा रकाना नसतो, हा त्या तक्त्याचाच दोष आहे.

यावर एक वाट निघाली आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावाच्या शेतकऱ्यांनी सौर सिंचकांची सहकारी मंडळी काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज ग्रीडला विकली. जादा पाणी उपसले तर विकायची वीज कमी होते, म्हणून पाण्याला आपोआप भाव येतो. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेत एकेका पंपाऐवजी पंपांना वीज देणारी सगळी वाहिनीच (फीडर) सौर केली जाते आणि प्रकल्पाला पडीक जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. पण उपसा कमी करणाऱ्याला काही मिळावे अशी रचना तीतही नाही, आणि ती मागावी लागेल.

मागणीला नोंदीचा आधार हवा. दर महिन्याच्या एक तारखेला, पंप सुरू करण्याआधी, दोरीला दगड बांधून विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकटीत फूट लिहून ठेवा. शेजारच्या चार विहिरींचेही मिळाले तर उत्तम. पुढच्या संक्रांतीला ते आकडे मला पाठवा. या सदरात ते छापू आणि त्यांची प्रत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या सातारा कार्यालयालाही पाठवू.